एसएटी बंद केली की गरीब पोरांना न्याय मिळतो का?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत कॉलेजच्या ऍडमिशनसाठी जी एसएटी किंवा एसीटी द्यावी लागते ती म्हणजे शेवटी आईबापाच्या पैशाचीच परीक्षा, मग ती कायमची बंद का करत नाहीत, आणि ज्या मोठ्या कॉलेजांनी कोविडमध्ये बंद केली होती ती आता परत स्कोअर का मागायला लागलीत. हा प्रश्न मला सारखा विचारतात आणि दर वेळी उत्तर लांबतं, म्हणून आज एकदाच सगळं लिहून काढते. मी आधी नऊ वर्षं एका सरकारी हायस्कूलमध्ये काऊन्सेलर होते आणि त्यानंतर अकरा वर्षं एका खासगी कॉलेजच्या ऍडमिशन ऑफिसात अर्ज वाचतेय, म्हणजे पोरांकडून अर्ज भरून घ्यायचं कामही केलंय आणि पोरांचे अर्ज नाकारायचं कामही केलंय, आणि दुसरं काम अजूनही जड जातं.

आधी तुमचा मुद्दा मान्य करते कारण तो खरा आहे. हार्वर्डमध्ये ऑपॉर्च्युनिटी इनसाइट्स म्हणून अर्थतज्ज्ञांचा गट आहे, राज चेट्टी वगैरे मंडळी, त्यांनी घरच्या टॅक्सची माहिती आणि पोरांचे स्कोअर एकमेकांना जोडून बघितले. २०२३ मध्ये जे आकडे बाहेर आले त्यात असं दिसलं की देशातल्या सगळ्यात श्रीमंत घरांतल्या पोरांपैकी साधारण एक तृतीयांश पोरं १६०० पैकी १३०० च्या वर जातात, मध्यम उत्पन्नाच्या घरांत हेच प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली आहे, आणि सगळ्यात गरीब घरांत पाचातलं एकच पोर मुळात परीक्षेला बसतं. हे वाचून कुणाचंही रक्त तापेल, माझंही तापतं. पण याचा अर्थ काय लावायचा इथे गाडी घसरते, कारण लोक लगेच म्हणतात की म्हणजे पेपरच श्रीमंतांच्या सोयीने काढलाय.

पेपराबद्दल बोलायचं तर इतिहास स्वच्छ नाहीच. १९२६ मध्ये एसएटी पहिल्यांदा झाली, ती तयार करणारा कार्ल ब्रिगम हा वंशावरून बुद्धी ठरते असं मानणारा माणूस होता, १९२३ मध्ये त्याने तसं पुस्तकच लिहिलं होतं, आणि १९३० मध्ये आपल्या त्या निष्कर्षांना आधार नाही असं त्यानेच छापून कबूल केलं. आणि गंमत नाही, हीच परीक्षा पुढे १९३० च्या दशकात हार्वर्डच्या जेम्स कोनंटने उचलली ती का, तर ठराविक महागड्या खासगी शाळांच्या बाहेरची हुशार पोरं स्कॉलरशिपसाठी शोधता यावीत म्हणून. म्हणजे दार लावायलाही तीच वापरली आणि उघडायलाही तीच. जुन्या पेपरातला एक प्रश्न तर अजून सगळे सांगतात, धावणाऱ्याचं मॅरेथॉनशी जे नातं तेच वल्हं मारणाऱ्याचं कशाशी, आणि उत्तर होतं रेगाटा, म्हणजे होड्यांची शर्यत. ज्या पोराने आयुष्यात असली शर्यत बघितली नाही त्याने ते कुठून सांगायचं? तसल्या जोड्यांचे प्रश्न २००५ मध्ये काढून टाकले. त्याच्या बऱ्याच आधीपासून, १९८० च्या दशकाच्या शेवटापासून, प्रत्येक प्रश्नाची एक तपासणी होते, त्यात एकूण सारखाच स्कोअर असलेली दोन गटांतली पोरं घेतात आणि बघतात की एखाद्या प्रश्नात एक गट उगाच मागे पडतोय का, आणि पडत असेल तर तो प्रश्न बाद. ही तपासणी अगदी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, तिच्यावर चांगल्या संशोधकांनी आक्षेप घेतलेत, पण आजचा पेपर उघडून बघितलात तर रेगाटा सापडणार नाही, आणि तरीही फरक तेवढाच मोठा आहे.

मग फरक येतो कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अमेरिकेत सरकारी शाळांच्या पैशाचा मोठा भाग त्या त्या भागातल्या घरांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, म्हणजे जिथे घरं महाग तिथे शाळा श्रीमंत. जवळपास निम्म्या हायस्कूलांत कॅल्क्युलस शिकवतच नाहीत. एसएटीत कॅल्क्युलस येत नाही हे खरं, पण ज्या शाळेत तो वर्ग नाही तिथे त्याच्या खालचा अल्जेब्राही बऱ्याचदा वर्षभर बदली शिक्षकावर चाललेला असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्याकडे एका वर्षी ऑक्टोबर ते मार्च अल्जेब्रा टू ला कायमचा शिक्षकच नव्हता, पोरं वर्कशीट भरून घरी जायची. त्या वर्गातल्या पोरीला गणितात ८०० पैकी ४८० पडले तर तो आकडा खोटा नाही, तिला तेवढंच शिकवलं गेलं होतं. तो आकडा तिच्याबद्दल जेवढं सांगतो त्यापेक्षा जास्त आमच्याबद्दल सांगतो.

इथवर बहुतेक लोक मान्य करतात. पण पेपरापर्यंत पोचण्यातच जो अन्याय आहे त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मला विचाराल तर दुरुस्त करता येण्यासारखा सगळ्यात मोठा भाग तोच आहे.

एक मुलगा सांगते. अकरावीत होता, रात्री एका किराणा दुकानात माल लावायचं काम करायचा. फी माफीचा कोड मी त्याला दिला होता, फी ६८ डॉलर आहे आणि गरीब घरच्या पोरांना दोनदा परीक्षा फुकट देता येते, पण त्या वेळी तो कोड काऊन्सेलरकडून मागून घ्यावा लागायचा आणि चार पोरांसमोर येऊन मागायला पोरं लाजायची, म्हणून मी पाकिटात घालून हळूच द्यायची. त्याचं सेंटर आलं शहराबाहेरच्या एका सधन भागातल्या शाळेत. शनिवारी सकाळी आठला दार बंद होतं. हा रात्रीची पाळी करून दोन बस बदलून निघाला, दुसऱ्या बसच्या थांब्यापासून पुढे चालत जायचं अंतर त्याने कमी धरलं होतं आणि पोचला आठ वाजून सहा मिनिटांनी. त्याने मला फोन केला तेव्हा त्याला धाप लागली होती, आणि फोनवर काय म्हणाला तर मिस, सॉरी, तुमचा कोड वाया गेला. त्याला वाटत होतं की तो कोड माझ्या पदरचा होता. पुढे आमच्या शाळेने कामाच्या दिवशी शाळेतच परीक्षा घ्यायला सुरुवात केली, त्यात तो बसला आणि १३४० मिळवले. पेपर तसाच, मुलगाही तोच, फक्त तो आपल्या वर्गात आपल्या बाकावर बसून लिहीत होता.

आणि हे एका मुलापुरतं नाही. मिशिगन राज्याने २००७ मध्ये सगळ्या सरकारी शाळांतल्या अकरावीच्या पोरांना एसीटी द्यायला लावली, फुकट, शाळेत, शाळेच्या वेळात. जोशुआ हायमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने आधीची आणि नंतरची माहिती तपासली तेव्हा असं निघालं की आधी जिथे दहा गरीब पोरं कॉलेजला तयार अशा स्कोअरची म्हणून दिसत होती तिथे आणखी पाच पोरं तशीच होती, फक्त ती परीक्षेला बसतच नव्हती म्हणून कुणाला माहीतच नव्हती. दहामागे पाच! आणि ती नवी हुशार झाली नव्हती, तिथेच होती, शेवटच्या बाकावर.

दुसरी गोष्ट परत परत परीक्षा देण्याची. बहुतेक कॉलेजं सुपरस्कोअर धरतात, म्हणजे वेगवेगळ्या वेळच्या परीक्षांतला गणिताचा सगळ्यात चांगला आणि इंग्रजीचा सगळ्यात चांगला उचलून बेरीज करतात. ऐकायला हे पोरांच्या भल्याचं वाटतं. पण एका अभ्यासात, २०२० मध्ये छापून आलेल्या, असं दिसलं की एकदा परत दिल्याने कामी येणारा स्कोअर (तेव्हा परीक्षा २४०० गुणांची होती) सुमारे ९० गुणांनी वाढतो, आणि गरीब पोरं परत देण्याचं प्रमाण कमी. क्लासच्या जाहिराती काहीही म्हणोत, महागड्या क्लासने सरासरी फरक पडतो तो वीसतीस गुणांच्या घरात, त्या मानाने नुसती दुसरी संधी कितीतरी मोठी आहे, आणि ती द्यायला कुणाला क्लास काढावा लागत नाही. म्हणून मी आमच्या ऑफिसात दर वर्षी हाच मुद्दा काढते की सुपरस्कोअर धरायचाच असेल तर दोन परीक्षांपुरता धरा, पाच वेळा देणाऱ्याला त्याचा फायदा मिळू देऊ नका. अजून कुणी ऐकलेलं नाही. जादा वेळेचंही तसंच आहे, शिकण्यात अडचण असलेल्या मुलाला दीडपट वेळ मिळतो आणि तो मिळायलाच हवा, पण त्यासाठी तपासणीचे कागद लागतात आणि खासगी तपासणीला हजारो डॉलर मोजणारी घरं कोणती हे सांगायला नको.

आता मूळ प्रश्न, बंद का करत नाहीत.

केली होती की. बोडिन कॉलेजने तर १९६९ मध्येच स्कोअर ऐच्छिक केला होता, पण खरी लाट आली २०२० मध्ये, सेंटरंच बंद पडली म्हणून जवळपास सगळ्यांनी टेस्ट-ऑप्शनल, म्हणजे ऐच्छिक केलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याही पुढे जाऊन स्कोअर बघायचाच नाही असं ठरवलं आणि ते अजून तसंच आहे. मी त्या वेळी खूश होते, खरंच. वाटलं की आता आमच्या जुन्या शाळेतल्या पोरांच्या फायली माझ्या टेबलावर जास्त येतील, आणि आल्यासुद्धा. पण वाचायला बसले तर हातात उरलं काय? निबंध, शिफारसपत्रं, शाळेचे ग्रेड, आणि वर्गाबाहेर काय काय केलं त्याची यादी. आता यातली कुठली गोष्ट पैशाने विकत मिळत नाही ते तुम्हीच सांगा. निबंधाला सल्लागार मिळतो, उन्हाळ्यात परदेशात समाजसेवा करून यायची सहल मिळते, ज्या शाळेत एका काऊन्सेलरकडे चाळीस पोरं असतात तिथलं शिफारसपत्र दोन पानांचं येतं आणि माझ्याकडे चारशेच्या वर पोरं होती, मी प्रत्येकाला तीन ओळी लिहिल्या, कधी कधी त्याच तीन ओळी, आणि त्याची खंत मला अजून आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाला आलेल्या सुमारे ६० हजार अर्जांतले निबंध कॉम्प्युटरवर तपासले, २०२१ मध्ये ते छापून आलं, आणि त्यात दिसलं की निबंधात काय लिहिलंय याचा घरच्या उत्पन्नाशी संबंध एसएटीच्या स्कोअरपेक्षाही घट्ट आहे. हे वाचल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण निबंध वाचून मला पोर कळतं यावर माझा फार विश्वास होता.

श्रीमंतांना खरा फायदा कुठे मिळतो हेही चेट्टींच्याच अभ्यासात आहे. सारखाच स्कोअर असलेली दोन पोरं घ्या, एक सगळ्यात श्रीमंत १ टक्क्यातलं आणि एक मध्यमवर्गीय, तर आयव्ही लीगची म्हणजे हार्वर्ड, येलसारखी आठ जुनी नामवंत कॉलेजं आणि त्या तोडीची आणखी चार, अशा बारा कॉलेजांत पहिलं पोर जाण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. स्कोअर सारखा असताना! मग हे मुख्यतः होतं कशामुळे, तर लेगसीमुळे म्हणजे आई किंवा बाप त्याच कॉलेजात शिकले म्हणून, खेळाडू म्हणून होणाऱ्या भरतीमुळे, आणि व्यक्तिमत्त्व वगैरेला दिलेल्या गुणांमुळे. तेव्हा परीक्षा बंद करून लेगसी चालू ठेवणाऱ्या कॉलेजने गरिबांसाठी काही केलं असं मी मानत नाही. जॉन्स हॉपकिन्सने लेगसी बंद केली, ऍमहर्स्टने २०२१ मध्ये जाहीर केलं, अशी हिंमत दाखवणारी आहेत पण थोडी.

परत स्कोअर का मागायला लागले त्याचं कारणही ऐका. एमआयटीने २०२२ मध्ये आधी ही सूट मागे घेतली, मग २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक एकामागोमाग. डार्टमथने आपल्याच आकड्यांचा अभ्यास करून घेतला होता, त्यात दिसलं की गरीब घरची आणि साध्या शाळांतली बरीच पोरं १४०० च्या आसपासचा स्कोअर लपवत होती, कारण कॉलेजच्या वेबसाइटवर सरासरी १५०० च्या वर दिसते आणि त्यांना वाटतं आपला कमी आहे. खरं तर त्यांच्या शाळेच्या मानाने तो इतका मोठा होता की पाठवला असता तर ऍडमिशनची शक्यता कितीतरी वाढली असती. माझ्या टेबलावर अशी एक फाईल आली होती. मुलीच्या शाळेची सरासरी ९३० च्या जवळ, ग्रेड उत्तम, निबंध साधा, आजीला डायलिसिसला घेऊन जाण्याबद्दल, स्कोअर नाही. आम्ही तिला वेटिंगला टाकलं. नंतर उन्हाळ्यात तिच्या काऊन्सेलरशी दुसऱ्याच कामासाठी बोलताना त्या काऊन्सेलरने सहज सांगितलं की या मुलीला १३९० होते. शाळेतला त्या वर्षीचा सगळ्यात मोठा स्कोअर. ती मुलगी वेटिंगमधून आत आली नव्हती.

पण म्हणून स्कोअर सगळीकडेच उपयोगी असंही नाही. शिकागोच्या सरकारी शाळांतल्या पोरांवर २०२० मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात कॉलेज पूर्ण होणार की नाही हे शाळेच्या जीपीएवरून, म्हणजे ग्रेडच्या सरासरीवरून, एसीटीपेक्षा खूपच चांगलं कळत होतं. जिथे बहुतेकांना प्रवेश मिळतो अशा साध्या राज्य कॉलेजात रोज वर्गात येणं, गृहपाठ देणं, चिकटून राहणं हेच महत्त्वाचं, आणि ते ग्रेडमध्ये दिसतं. जिथे शंभरात पाच घेतात आणि आलेल्या सगळ्यांचेच ग्रेड ए असतात तिथे ग्रेड काहीच सांगत नाहीत. दोघांना एकच नियम लावायला निघालं की भांडण सुरू होतं.

मग स्कोअर बघायचा तर कसा बघायचा. २०१९ च्या मे महिन्यात कॉलेज बोर्डने, म्हणजे एसएटी घेणाऱ्या संस्थेने, एक आकडा आणला होता, पेपरवाल्यांनी त्याला ऍडव्हर्सिटी स्कोअर म्हटलं. पोराच्या शाळेतली आणि वस्तीतली गरिबी, गुन्हे, घरांची स्थिती असं सगळं मिळून १ ते १०० मध्ये एक नंबर, ५० म्हणजे सरासरी, जितका जास्त तितक्या अडचणी जास्त. कॉलेजला दिसणार पण मुलाला नाही दिसणार. लोक खवळले आणि ऑगस्टमध्ये तो मागे घेतला. तो मागे घेतला हे बरंच झालं असं मला वाटतं, कारण एखाद्याच्या हालअपेष्टांना नंबर देणं हे मला पटलं नाही, आणि वस्तीवरून घर कळत नाही, श्रीमंत वस्तीत तळघरात भाड्याने राहणारी कुटुंबं असतात. पण त्याच्या जागी जे लँडस्केप नावाचं साधन आलं ते मी रोज वापरलं आणि ते उपयोगी होतं. त्यात एक नंबर नव्हता, शाळेतली किती पोरं सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत, या शाळेतून किती पोरं कॉलेजला जातात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या पोराचा स्कोअर त्याच्याच शाळेतल्या पोरांच्या मानाने कुठे बसतो, एवढं समोर यायचं. १२८० हा आकडा एका शाळेत खालून पहिल्या पाव भागात असतो आणि दुसऱ्या शाळेत सगळ्यांच्या वर, आणि ते एका नजरेत दिसलं की हात थांबतो. २०२५ मध्ये कॉलेज बोर्डने ते बंद केलं. मला फार वाईट वाटलं. आता आम्ही ती माहिती शाळेच्या प्रोफाइलमधून आणि सरकारी आकड्यांमधून हाताने काढतो, ज्या ऑफिसात माणसं कमी तिथे कुणी काढत नाही.

आपल्या मराठी घरांबद्दलही लिहिते, रागावू नका. इथे आपण बहुतेक जण चांगल्या पगारावर, चांगल्या शाळांच्या भागात घर घेऊन राहतो, पोरांना सातवीपासून क्लास लावतो, आणि १५२० आले की म्हणतो पूर्ण मेहनतीचे आहेत. मेहनतीचे आहेतच, पोरं खरंच राबतात. पण त्या पोराच्या बाजूला १३५० वाला मुलगा घेतला तर आपल्यावर अन्याय झाला असं म्हणण्याआधी तो १३५० कुठे बसून मिळवला ते एकदा विचारा.

आणि ज्यांच्या ओळखीत असं पोर आहे, शेजारचं, मंदिरात भेटणारं, कामवाल्या बाईंचं, त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. त्याचा स्कोअर त्याच्या शाळेच्या सरासरीपेक्षा दोनतीनशेने वर असेल तर कॉलेजची सरासरी बघून तो लपवू देऊ नका, पाठवायला लावा. फी माफी मिळत असेल तर बऱ्याच कॉलेजांची अर्जाची फीसुद्धा माफ होते, हे पोरांना माहीत नसतं. आणि २०२४ पासून इथे परीक्षा लॅपटॉपवर झाली आहे, घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेज बोर्ड परीक्षेपुरता देतं, पण त्याची मागणी किमान ३० दिवस आधी करावी लागते, म्हणून नाव नोंदवाल त्याच दिवशी ती मागणी टाका.